गाडीचं ॲव्हरेज घटलंय? आधी हिशोब, मग पाना

अमळनेरहून धुळ्याला रोज नोकरीला जाणारा माणूस दुचाकीवर येऊन-जाऊन साधारण ७५ किलोमीटर कापतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,९५० किलोमीटर. गाडी लिटरला ६० देत असेल तर महिन्याला साडेबत्तीस लिटर पेट्रोल लागतं. तीच गाडी ५० वर आली तर ३९ लिटर. फरक साडेसहा लिटरचा. हिशोब सोपा जावा म्हणून पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तरी महिन्याला ६५० आणि वर्षाला ७,८०० रुपये केवळ गाडीच्या दुर्लक्षापायी जातात. एवढ्यात घरातल्या एका मुलाची वह्या-पुस्तकं, गणवेश आणि दप्तर आरामात येतं.

ज्यांचं पोटच गाडीवर आहे, त्यांचा फरक आणखी मोठा. बाजारात माल पोहोचवणारी तीनचाकी लोडिंग रिक्षा महिन्याला दोन हजार किलोमीटर धावली आणि तिचं ॲव्हरेज २५ वरून २२ वर उतरलं, तर सुमारे ११ लिटर इंधन जास्त जातं. कमाईचा आकडा तोच राहतो, हातात उरणारा पैसा घटतो. म्हणून हा विषय फक्त गाडीच्या शौकिनांचा नाही, घरखर्चाचा आहे. आपल्या कुटुंबांत कुणी रिक्षा चालवतं, कुणी फेरीवर कपडा विकतं, कुणी गॅरेजमध्ये काम करतं, कुणी मुलांना शाळेत सोडतं. सगळ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी ॲव्हरेज नीट मोजा

"गाडी पूर्वीसारखी देत नाही" असं आपण म्हणतो, पण किती देत होती आणि आता किती देते हे विचारलं की उत्तर अंदाजाने येतं. काटा पाहून किंवा रिझर्व्ह लागल्यावर केलेला हिशोब चुकतो. खरी पद्धत टाकी ते टाकी.

पंपावर गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. नोझल बंद झाल्यावर वरून आणखी ओतू नका. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा भरा. समजा २२० किलोमीटर झाले आणि ४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज ५५. एकदा मोजून समाधान मानू नका, सलग तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. मोबाईलमध्ये किंवा डिकीतल्या छोट्या वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर एवढंच लिहा. दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे ही वही सांगेल.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करू नका. वाहनांची प्रमाणित चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तिथल्या चाचणीत तापमान, वेग, वजन सगळं ठरलेलं असतं. आपल्या रस्त्यावर मागे बसलेलं कुटुंब असतं, खड्डे असतात आणि मे महिन्याचं खानदेशी ऊन असतं. तुमच्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशीच करा.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तीही तिथेच फिटते. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढचा नाही.

इंधन बदललं, त्याचा वाटा किती?

गेल्या काही वर्षांत अनेकांची एकच तक्रार आहे : नवीन पेट्रोलमुळे ॲव्हरेज पडलं. यात तथ्य आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्या. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ई-२० वर ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींना ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता.

म्हणजे साठ देणारी दुचाकी ५७-५८ वर आली तर ते इंधनामुळे असू शकतं. ती ४५ वर आली असेल तर दोष गाडीत आहे. सगळं खापर पेट्रोलवर फोडून गप्प बसलं की खरा बिघाड वाढत जातो.

जुन्या गाड्यांसाठी दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सैल करतं, तो पुढे पेट्रोल फिल्टर आणि कार्बोरेटरमध्ये अडकतो. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तपासा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवू नका.

घरीच होणाऱ्या चार तपासण्या

गॅरेजला जाण्याआधी अर्धा तास द्या. यातल्या पहिल्या तीन तपासण्यांना पैसा लागत नाही, चौथीला लागला तरी थोडाच.

पहिली, चाक फिरवून पाहणं. गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. ते काही फेऱ्या सहज घ्यायला हवं. लगेच थांबत असेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर ब्रेक चिकटतोय, चेन जास्त ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. पुढच्या चाकाचंही तसंच. काही किलोमीटर चालवून आल्यावर ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एका चाकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा खूपच गरम लागला तर ब्रेक सुटत नाही असं समजा. हात टेकवू नका, भाजेल.

दुसरी, हवा. टायरमधली हवा गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी चालवण्याआधी किंवा जवळच्याच दुकानात तपासा. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात किंवा चेन कव्हरवरच्या, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एकट्यासाठी वेगळी आणि मागे माणूस असेल तर मागच्या चाकात जास्त, हे बघूनच भरा. तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या टायरमध्ये "बरोबर" दिसलेली हवा पहाटे कमी असते. पंधरा दिवसांतून एकदा तपासणं पुरेसं आहे. नायट्रोजनच हवा असा आग्रह नको, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तिसरी, चेन. मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. बहुतेक प्रवासी दुचाकींना दोन ते तीन सेंटीमीटर ढील चालते. नेमका आकडा पुस्तकात असतो. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून त्यावर चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. कोरडी, गंजलेली चेन इंजिनची ताकद वाटेतच खाते.

चौथी, क्लच. लिव्हरच्या टोकाला एक-दीड सेंटीमीटर मोकळी हालचाल हवी. केबल फार ताणलेली असेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, प्लेटा जळतात आणि पेट्रोलही जातं.

आमच्याच घरातला अनुभव सांगतो. शंभर सीसीची जुनी गाडी ६० वरून ४६ वर आली. एका ठिकाणी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ झाला. दुसऱ्या ठिकाणी पिस्टन-रिंग बदला, म्हणजे हजारोंचं काम, असा सल्ला मिळाला. शेवटी एका बुजुर्ग मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावून चाक फिरवलं. ते एका फेरीतच अडलं. मागचा ब्रेक चिकटलेला होता आणि दोन्ही टायरमध्ये हवा कमी होती. ब्रेकचा कॅम साफ करून वंगण लावलं, हवा भरली, चेन सैल केली. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ५७ आली. इंजिन उघडावंच लागलं नाही.

ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय करून घ्यायचं?

"सर्व्हिसिंग करा" एवढं सांगून गाडी सोडली की बहुतेक वेळा धुलाई आणि ऑइल बदल होतो. काय करायचं ते नाव घेऊन सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहा.

एअर फिल्टर : आपल्या भागातली धूळ, शेतरस्ते आणि कापसाचा भुसा यामुळे फिल्टर लवकर तुंबतो. गाडीच्या पुस्तकातही धुळीच्या भागात फिल्टर लवकर तपासा असं लिहिलेलं असतं. स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, थोडं ऑइल लावून परत बसवतात. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ होतो. मात्र अनेक स्कूटर आणि नव्या दुचाकींत तेलकट कागदाचा फिल्टर येतो, तो साफ करायचा नसतो, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच असतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, तुंबलेला फिल्टर बदलल्यावर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं ॲव्हरेज २ ते ६ टक्के सुधारतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेज फारसं बदलत नाही, पण पिकअप सुधारतो.

स्पार्क प्लग : काढून रंग पाहा. फिकट विटकरी किंवा तपकिरी असेल तर जळण नीट होतंय. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम. अगदी पांढरा असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. प्लगचा गॅप पुस्तकात दिलेल्या मापाने, फिलर गेजने तपासून घ्या.

टॅपेट : व्हॉल्व्हची फट कमी किंवा जास्त झाली की जळण बिघडतं. इंजिन पूर्ण थंड असतानाच ही फट मोजायची असते. म्हणून या कामाला गाडी रात्री सोडा किंवा सकाळी न चालवता न्या.

कार्बोरेटर : जेट साफ करून घ्या आणि आयडलिंग पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवा. चोक अर्धवट ओढलेला राहत नाही ना, हेही पाहा. अनेक गाड्या याच कारणाने पेट्रोल पितात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. त्यांना स्क्रू फिरवून "सेट" करता येत नाही. तिथे स्कॅनर लावून सेन्सर तपासावे लागतात.

इंजिन ऑइल : पुस्तकात १०-डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका" या सल्ल्याने इंजिनवरचा भार वाढतो. योग्य ग्रेडने १ ते २ टक्के फरक पडतो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर मात्र नुकसान टक्क्यांत मोजता येत नाही, इंजिनच बसतं.

चारचाकीत याशिवाय व्हील अलाइनमेंट, ब्रेक कॅलिपर आणि थर्मोस्टॅट तपासा. इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर दुर्लक्ष करू नका. ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं तेच अमेरिकी खातं सांगतं. मात्र साधारण बिघडलेली गाडी ट्यून केल्यावर मिळणारी सरासरी सुधारणा चार टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे "सर्व्हिसिंग करा, ॲव्हरेज दुप्पट" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डिझेलची लोडिंग गाडी काळा धूर सोडत असेल तर तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. एअर फिल्टर, इंजेक्टर आणि हवेचे पाइप तपासा. डिझेल फिल्टरमधलं पाणीही वेळोवेळी काढून टाका.

पीयूसीची पावती वाचायला शिका

पीयूसी आपण दंड नको म्हणून काढतो आणि खिशात कोंबतो. पेट्रोल गाडीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण, त्याची मर्यादा आणि तुमच्या गाडीचा आकडा शेजारी-शेजारी छापलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. तुमचा आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर गाडी पास झाली तरी पेट्रोल वाया जातंय. हायड्रोकार्बनचा आकडा जास्त असेल तर प्लग नीट पेटत नाही किंवा ऑइल जळतंय. मिस्त्रींना ही पावती दाखवा. आणि म्हणूनच गाडी न नेता पीयूसी काढण्यात नुकसान आपलंच आहे.

"मायलेजवर सेट करा" हा धोक्याचा सौदा

कार्बोरेटरच्या गाडीत स्क्रू आवळून किंवा लहान जेट टाकून पेट्रोल कमी करता येतं. दोन-चार दिवस ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. पण हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की इंजिन जास्त तापतं. बाहेर ४३-४४ अंश तापमान असताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला हा भार झेपत नाही. व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन चिकटतो. भर रस्त्यात इंजिन जाम झालं तर मागचं चाक लॉक होतं आणि मागे बसलेल्या बायका-मुलांचा जीव धोक्यात येतो. शिवाय ई-२० मधल्या इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं असतं. त्यावर आणखी आवळणं म्हणजे पन्नास रुपये वाचवून पाच हजारांचं काम ओढवून घेणं.

काय घेऊ नये, काय करू नये

पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं किट, बॅटरीला जोडायचं "फ्युएल सेव्हर" अशा वस्तूंच्या जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरहून जास्त उपकरणं आणि मिश्रणं तपासली. फारच थोड्यांनी थोडाफार फायदा दाखवला, काहींनी इंजिनाचं नुकसान केलं.

पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकणं हा जुना नुस्खा. त्याने ॲव्हरेज वाढत नाही, उलट जेट आणि इंजेक्टरमध्ये साका बसतो. रॉकेल मिसळण्याने इंजिन ठोकतं आणि ते बेकायदेशीरही आहे. सकाळी थंडपणी भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हाही समज. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फार बदलत नाही.

उतारावर न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जातच राहतं, आणि इंजिन ब्रेकिंग गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो.

मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रुंद टायर, उघडा रेसिंग फिल्टर यांनी आपल्या वापरात ॲव्हरेज घटतंच. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. बेकायदेशीर बदलासाठी कलम १८२-ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या पोरांना हे घरातच सांगा. चौकात सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.

कोणता बदल परवडतो? सीएनजीचा हिशोब

खर्च करूनही फायदा देणारा मोठा बदल म्हणजे सीएनजी. पण तो सगळ्यांना परवडतोच असं नाही. उदाहरण घेऊ. लहान कार पेट्रोलवर लिटरला १८ आणि सीएनजीवर किलोला २४ देते. पेट्रोल १०० आणि सीएनजी ९० रुपये धरा. पेट्रोलवर किलोमीटरला साडेपाच रुपयांच्या वर खर्च येतो, सीएनजीवर पावणेचार. बचत साधारण एक रुपया ऐंशी पैसे. किट पन्नास हजारांचं धरलं तर ते वसूल व्हायला जवळपास २८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी ते चौदा महिन्यांत वसूल करते. महिन्याला पाचशे चालणाऱ्या घरच्या गाडीला साडेचार वर्षं लागतात. आपले आजचे दर टाकून हाच हिशोब करा. आणि रोजच्या मार्गावर सीएनजी पंप आहे का, तिथे रांग किती, हेही मोजा. दोन तास रांगेत गेले तर रिक्षावाल्याची ती मजुरीच गेली.

किट मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवा. आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. सिलेंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. स्वस्तात मिळणारा जुना सिलेंडर म्हणजे सीटखाली ठेवलेला धोका आहे.

दुचाकीत बजाजने जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ ही मोटारसायकल आणली. तिच्यात दोन किलोची सीएनजी टाकी आणि दोन लिटरची पेट्रोल टाकी आहे. रोज लांब जाणाऱ्याने नवीन गाडी घेताना हा आणि इलेक्ट्रिकचा पर्याय तपासून पाहावा. जुनी गाडी चांगली असेल तर केवळ ॲव्हरेजसाठी कर्ज काढून नवी घेऊ नये. हप्ता बचतीपेक्षा मोठा निघतो.

सगळ्यात मोठा बदल : आपला हात

ट्यूनिंगने चार टक्के मिळत असतील तर चालवण्याच्या पद्धतीने त्याहून कितीतरी जास्त मिळतात. जोरात पळवणं आणि जोरात ब्रेक मारणं यामुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि गर्दीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटतं, असं अमेरिकी ऊर्जा खात्याची आकडेवारी सांगते.

कारण साधं आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ च्या ऐवजी ८० ने गेलात तर समोरची हवा दुपटीहून जास्त जोराने मागे ढकलते. पारोळ्याहून महामार्गाला लागल्यावर पुढे धुळ्यापर्यंत ८० ने पळवून वाचतात दहा-बारा मिनिटं, आणि जातं पाव लिटर पेट्रोल. त्या दहा मिनिटांसाठी ट्रकच्या मधून वाट काढायची, हा सौदा महागाचाच. ४५ ते ५५ चा एकसारखा वेग, वरचा गिअर आणि दूरवर नजर, म्हणजे ब्रेक कमी लागतो.

थांबा लांबला तर इंजिन बंद करा. रेल्वे फाटकावर, शाळेच्या दारात, दुकानापुढे गाडी चालू ठेवून गप्पा मारू नका. डिकीतलं आणि टपावरचं बिनकामाचं ओझं उतरवा. कारमध्ये साधारण ४५ किलो वजनामागे एक टक्का इंधन जातं. गाडी सावलीत लावा. तापलेल्या कारची दारं दोन मिनिटं उघडी ठेवून मग एसी लावा. क्लचवर आणि ब्रेकवर पाय टेकवून चालवायची सवय सोडा. गल्लीतली दहा कामं दहा फेऱ्यांत करण्यापेक्षा एका फेरीत करा. थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त पितं.

आणि एक पर्याय आपण विसरतो. अमळनेर सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. जळगावला एकट्यालाच कामासाठी जायचं असेल आणि गाडीची वेळ जुळत असेल, तर रेल्वेचं तिकीट कोणत्याही ट्यूनिंगपेक्षा जास्त वाचवतं.

क्रम लक्षात ठेवा

ॲव्हरेज कमी झालं असं वाटलं की आधी तीन टाक्या मोजा. मग हवा, ब्रेक, चेन, क्लच. मग फिल्टर, प्लग, टॅपेट, ऑइल. मग कार्बोरेटर किंवा स्कॅनर. या सगळ्यानंतरही फरक पडला नाही आणि निळा धूर किंवा ऑइल कमी होणं दिसत असेल, तेव्हाच इंजिन उघडण्याचा विचार करा. दर वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा, म्हणजे पैसा कशात वसूल झाला हे कळेल. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिल ठेवा. चांगला मिस्त्री याचा राग धरत नाही. उलट आपलं काम दाखवायला त्याला आवडतं.

रिक्षा असो, स्कूटर असो की घरातली जुनी कार, तिच्या ॲव्हरेजची वही आजपासून सुरू करा. महिनाअखेरीला तो हिशोब घरात सगळ्यांसमोर ठेवा. गाडी चालवणाऱ्या पोरांना आकडा दिसला की हात आपोआप आवरतो.